गाडी नसताना कॉलेजं बघायला जायचं तर

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्याकडे शेजारपाजारच्या आयाबाया येतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरीला घेऊन पुण्या-मुंबईची कॉलेजं बघून यायचीत. आमच्याकडे गाडी नाही. भाड्याने करावी का?"

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या घरात चारचाकी कधीच नव्हती. तरी आधी लेकीसाठी आणि मग भाच्यासाठी मिळून चौदा इंजिनिअरिंग कॉलेजं आम्ही एसटी, रेल्वे, लोकल आणि पायी अशी पाहिली. विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, गाडी करू नका. पोरगी पुढची चार वर्षं ज्या बसने आणि ज्या रस्त्याने जाणार, तो रस्ता आधी तिच्या आणि तुमच्या पायाखालचा झाला पाहिजे.

हे मला एकदा चुकल्यावर कळलं. पहिल्या वेळी पुण्यातल्या नातलगांनी मोठ्या प्रेमाने आम्हाला त्यांच्या कारने फिरवलं. एका दिवसात पाच कॉलेजं झाली. संध्याकाळी लेकीला विचारलं, तर कुठली लायब्ररी कुठल्या कॉलेजची हे तिला सांगता येईना. त्यातल्या तिला सगळ्यात आवडलेल्या कॉलेजला दोन आठवड्यांनी आम्ही दोघी बसने गेलो. स्टॉपला कॉलेजचंच नाव होतं, पण उतरलो तर गेट कुठेच दिसेना. भाजीवाल्या मावशींनी हात करून चढाकडे दाखवलं. फुटपाथ नाही, एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूने डंपर. लेकीने मोबाइलवर वेळ लावली. गेटला पोचेपर्यंत बावीस मिनिटं झाली. कारमध्ये बसून हाच रस्ता आम्ही गप्पा मारत पार केला होता.

आधी यादी नकाशावर मांडा

मुलं कॉलेजांची यादी कटऑफप्रमाणे करतात. ती तशीच राहू द्या, पण फिरण्यासाठी दुसरी यादी करा, रस्त्याप्रमाणे. एका वहीच्या पानावर प्रत्येक कॉलेजापुढे तीन गोष्टी लिहा: जवळचं रेल्वे किंवा मेट्रो स्टेशन, जवळचा बसस्टॉप, आणि तिथून गेटपर्यंत किती चालायचं. एका रेषेवर येणारी कॉलेजं एकत्र बांधा. दिवसाला दोन, फार तर तीन. चौथं कॉलेज बघताना डोळे उघडे असतात, पण दिसत काहीच नाही.

मोबाइलच्या नकाशावर चालण्याचं अंतर बघताना एक काळजी घ्या. नकाशा तुम्हाला कॅम्पसच्या मध्यावर नेतो. प्रवेश भलत्याच बाजूच्या गेटातून असतो आणि मागचं गेट बहुतेक वेळा बंद असतं. मुख्य गेट कुठल्या रस्त्यावर आहे हे फोन करून विचारून घ्या.

दिवस कोणता धरायचा

रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा. कॉलेज बंद असतं, आणि मुंबईत रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद ठेवतात. मे महिन्यात कॅम्पस ओस पडलेला असतो. इमारती दिसतात, पोरं दिसत नाहीत. सीईटीचा निकाल ते ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज) भरण्याची मुदत, या मधल्या दिवसांत मंगळवार-बुधवार-गुरुवार बघा. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या, काळात बऱ्याच कॉलेजांत कागदपत्रं तपासण्याचं सुविधा केंद्र किंवा मदतकक्ष चालू असतो. त्या दिवसांत गेटवर फारशी अडवाअडव होत नाही आणि आत विचारायला माणूस भेटतो.

आदल्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात फोन करा. "आम्ही बाहेरगावाहून येतोय, उद्या अकराच्या सुमारास पोचू, हॉस्टेल बघता येईल का?" एवढंच विचारायचं. फोन कुणी घेतला आणि काय म्हणाले, ते तारीख-वेळेसकट वहीत लिहा. गेटवर अडवलं तर ते नाव कामाला येतं. भाच्याच्या वेळी एका ठिकाणी सुरक्षारक्षक आम्हाला सोडायला तयारच नव्हते. नाव सांगितल्यावर त्यांनी आत फोन लावला आणि दोन मिनिटांत आम्ही आत होतो.

रात्रीचा प्रवास, सकाळचं पोचणं

आमच्या भागातून सोयीचं म्हणजे रात्री निघणं. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोचवते. पुण्याला मात्र ती आडवेळी येते, म्हणून पुण्यासाठी आम्ही रात्रीची एसटी धरतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. आई आणि लेक अशा दोघी निघाल्या तर दोघींचं मिळून एक पूर्ण तिकीट होतं. तीन-चार गावं फिरायची असतील तर आगारात 'आवडेल तेथे प्रवास' या पासची चौकशी करा. तो चार आणि सात दिवसांचा मिळतो.

एसटी पुण्यात कुठे थांबते हे पाटीवर वाचा. स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन अशी तीन मोठी स्थानकं आहेत. शिवाजीनगरची एसटी मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हलली. त्यामुळे पाटीवर शिवाजीनगर असलं तरी कंडक्टरना विचारून घ्या. पहाटे पाचला झोपेत भलतीकडे उतरलं की सगळा दिवस बिघडतो.

सकाळी आंघोळ-कपडे कुठे, हा बायकांचा खरा प्रश्न असतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. नातलग असतील तर उत्तम. नसतील तर रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनातली प्रतीक्षागृहं वापरता येतात. मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम असते. तिथे तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं, म्हणून घरूनच छोटं कुलूप घेऊन निघा. जड बॅग खांद्यावर घेऊन कॅम्पस फिरायचा प्रयत्न करू नका. आम्ही एकदा केला आणि दुपारी दोनला एका पायरीवर बसलो ते उठवेना.

पुणे: तीन दिशा, तीन दिवस

पुण्यात मेट्रोचे दोन मार्ग आपल्या कामाचे आहेत. एक पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जातो, दुसरा वनाजहून रामवाडीला. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना छेद देतात. पूर्वी या स्थानकाला सिव्हिल कोर्ट म्हणत आणि जुनी माणसं अजून तेच म्हणतात. हे एक स्थानक डोक्यात पक्कं बसलं की पुणं सोपं होतं.

पहिला दिवस मध्यभागाचा ठेवा. सीओईपी शिवाजीनगरला आहे. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथेच शिकले. शिवाजीनगरचं रेल्वे स्टेशन आणि मेट्रो दोन्ही जवळ असल्यामुळे गाडी नसलेल्यांसाठी पुण्यातलं हे सगळ्यात सोयीचं कॉलेज. कटऑफ लांबचा वाटला तरी एकदा जाऊन या, मुलांची नजर मोठी होते. दुपारी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून वनाजच्या दिशेने जा. कर्वेनगरच्या मुलींच्या कमिन्स कॉलेजसाठी नळस्टॉपला उतरून पुढे कर्वे रस्त्यावरून बस किंवा रिक्षा करा. कोथरूडच्या एमआयटीसाठी तीच मेट्रो पौड रस्त्याने आणखी पुढे नेते.

दुसरा दिवस दक्षिणेचा. स्वारगेटहून कात्रजकडे पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बस सतत असतात. धनकवडीचं पीआयसीटी आणि भारती विद्यापीठ एकमेकांना लागून आहेत, दोन्ही त्याच रस्त्यावर होतात. बिबवेवाडीच्या व्हीआयटीला जायचं तर 'अप्पर'ची बस विचारा. पूर्ण 'अप्पर इंदिरानगर' म्हणायची गरज नाही, स्वारगेटला कुणालाही 'अप्परची कुठे लागते?' म्हटलं की बोट दाखवतात. दिवसभर फिरायचं असेल तर कंडक्टरकडून सकाळीच दिवसाचा पास घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या बसपासून तो परवडायला लागतो, आणि चुकीच्या स्टॉपवर उतरलं तरी पुढच्या बसमध्ये चढताना तिकीट जीव खात नाही.

तिसरा दिवस आकुर्डी-निगडीचा. इथे मेट्रोवर विसंबू नका. ती महापालिका भवनापाशी, पिंपरीत, थांबते. आकुर्डीला पुणे-लोणावळा लोकल नेते. डी. वाय. पाटीलचं आकुर्डीचं कॉलेज स्टेशनाला लागूनच आहे आणि पीसीसीओई रिक्षाने थोडक्यात. पण या लोकल मुंबईसारख्या पाच मिनिटांनी येत नाहीत. भर दुपारी तर बराच वेळ लोकलच नसते. सकाळच्या गाडीने जा, परतीची वेळ स्टेशनवर उतरल्या उतरल्या फलकावर बघून लिहून घ्या. लोकल चुकली तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर येऊन निगडीहून सुटणारी पीएमपी धरा.

मुंबई: स्टेशनाचं नाव पुरेसं नाही

मुंबईत पहिल्यांदा जाणाऱ्याला गर्दीची भीती वाटते. गर्दीला उपाय आहे. सकाळी आठ ते अकरा माणसं उपनगरातून दक्षिणेकडे जातात, संध्याकाळी पाच ते नऊ उलट. तुम्ही गर्दीच्या विरुद्ध दिशेने जाल अशी आखणी करा किंवा अकरानंतर निघा. लेकीला घेऊन महिलांच्या डब्यात चढा. फलाटावर उभ्या बायकांना 'लेडीज इथेच येतो ना?' म्हणून विचारलं की त्या हाताला धरून नेमक्या जागी उभं करतात.

चूक होते ती जलद आणि धीम्या गाडीत. व्हीजेटीआयसाठी मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरायचं, आणि तिथे जलद गाडी थांबत नाही. दादरला धीमी पकडा. शिवाय माटुंगा रोड हे वेगळं स्टेशन, पश्चिम रेल्वेवरचं. हार्बर मार्गाच्या लोकलने येत असाल तर किंग्ज सर्कल जवळ. १८८७ मध्ये सुरू झालेलं व्हीजेटीआय आणि १९३३ पासूनची रासायनिक तंत्रज्ञानाची आयसीटी, दोन्ही माटुंग्यात एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. ही जोडी एका सकाळीत होते. मध्ये माटुंग्यातल्या दाक्षिणात्य खानावळीत जेवून घ्या. पोट भरतं आणि पैसेही बेताचे लागतात.

दुसऱ्या दिवसाची आमची आखणी मला आजही आवडते. सकाळी विद्याविहार. सोमय्याचा परिसर स्टेशनाच्या पूर्वेला अगदी हाकेच्या अंतरावर आहे (इथेही धीमीच गाडी). तिथलं उरकून एक स्टेशन पुढे घाटकोपरला आलो आणि तिथून मेट्रो घेतली. २०१४ साली सुरू झालेली मुंबईची ही पहिली मेट्रो घाटकोपर ते वर्सोवा जाते. आझादनगरला उतरलं की भवन्सच्या (भारतीय विद्या भवनच्या) परिसरातली दोन कॉलेजं, एसपीआयटी आणि सरदार पटेल, एकाच आवारात बघून होतात. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून गेटवर कुठल्या कॉलेजला जायचंय ते नीट सांगा. एक खासगी आहे, दुसरं शासकीय अनुदानित, आणि दोघांच्या फीमध्ये मोठा फरक आहे. वेळ उरला तर विलेपार्ले पश्चिमेचं द्वारकादास संघवी परतीच्या वाटेवर आहे.

शहराबाहेरची कॉलेजं

सगळ्यांचं लक्ष पुण्या-मुंबईकडे असतं. आमच्या भागातल्या मुलांना मी आग्रहाने सांगते, जवळची चांगली सरकारी आणि अनुदानित कॉलेजं आधी बघा. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेज विष्णुपुरीला आहे. लातूरहून नांदेडला जाणारी एसटी नांदेडच्या अलीकडे तिथूनच जाते. कंडक्टरना विष्णुपुरीला उतरायचंय म्हणून चढतानाच सांगून ठेवा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे. सांगलीचं वालचंद कॉलेज विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यावर आहे, आणि या दोन गावांमध्ये शहर बसची ये-जा दिवसभर चालू असते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे ज्या रुळांवरून लातूरला आली, त्याच रुळांवरून आपल्याला मिरजेला जाता येतं.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जायचं तर तयारी जास्त लागते. ते रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि महाडच्या मध्ये आहे. माणगावपर्यंत कोकण रेल्वे, पुढे एसटी. अशा ठिकाणी जाताना कॉलेजच्या वेळेआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ काढा, ती स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचारा आणि मोबाइलवर दिसणाऱ्या वेळेवर भरवसा ठेवू नका. शेवटची गाडी धरायची वेळच येऊ देऊ नका, तिच्या आधीची धरा.

गेटच्या आत

आत गेल्यावर प्रवेश विभागात जाऊन सीईटीचं गुणपत्रक आणि ओळखपत्र दाखवा, पण तिथेच अडकू नका. माहितीपत्रकात आहे ते घरी बसून वाचता येतं. आम्ही प्रत्येक कॉलेजात काही जागा न चुकवता बघायचो. एक नोटीसबोर्ड, कारण तिथे परीक्षेचं वेळापत्रक, हजेरी कमी असलेल्यांची यादी, कंपन्या येऊन गेल्याच्या नोटिसा आणि त्यांच्या तारखा असतात. दुसरी, तिला ज्या शाखेला जायचंय तिची एखादी प्रयोगशाळा, दारातून डोकावलं तरी चालतं. एका ठिकाणी लेकीने काचेवर बोट फिरवलं आणि धुळीचा पट्टा बोटाला आला. ती काही बोलली नाही, वहीत एक ओळ लिहिली.

मुलींच्या हॉस्टेलवर जास्तीत जास्त वेळ द्या. जागा किती, पहिल्या वर्षाला किती मिळतात, गुणांवर की अंतरावर, रात्री दार किती वाजता बंद होतं, पाणी दिवसभर येतं का. रेक्टर मॅडमना हे सगळं स्पष्ट विचारा, संकोच करू नका. हॉस्टेल न मिळाल्यास मुली कुठे राहतात हे मात्र मुलींनाच विचारा. त्याचं उत्तर कार्यालयात मिळत नाही, कँटीनमध्ये मिळतं. एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीने आम्हाला चहा पिता पिता पीजीचं भाडं, मेसचे पैसे, कुठल्या गल्लीत रात्री दिवे नसतात आणि सहानंतर कुठली बस बंद होते एवढं सगळं दहा मिनिटांत सांगितलं. तिचे आभार मानायला शब्द कमी पडले. आता लेक स्वतः जूनमध्ये आलेल्या मुलींना असंच बसवून सांगते.

फीबद्दल एक विचारायचं विसरू नका. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसइबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण विकास शुल्क, हॉस्टेल, मेस आणि अनामत वेगळी. हातात भरायचे नेमके किती, तो आकडा कागदावर लिहून मागा.

पिशवीत काय

हे सगळं जुलैच्या पावसात चालतं. कागदपत्रांच्या मूळ प्रती घरीच ठेवा, फक्त झेरॉक्स न्या, त्याही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आमचा एक संच पुण्यात स्टॉपपासून गेटपर्यंतच्या पावसात असा भिजला की शिक्क्याची शाई पसरून जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर निळं तळं झालं. मूळ दाखला असता तर तहसीलच्या चकरा आल्या असत्या. पायात सँडल घाला, बूट नको. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. सुटे पैसे ठेवा. बसमध्ये मोबाइलने पैसे घेतात, पण गर्दीत नेटवर्क गेलं की कंडक्टर आणि आपण दोघंही ताटकळतो. मोबाइलची पॉवर बँक रात्रीच चार्ज करा. बायकांनी पाणी कमी पिऊन दिवस काढू नये. कॉलेजात शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह बघा. त्यावरून त्या कॉलेजात मुलींची किती काळजी घेतात हेही कळतं.

परतीच्या गाडीत

रात्रीच्या परतीचं आरक्षण शेवटच्या कॉलेजच्या वेळेपासून किमान तीन तास सोडून करा. पुण्यात पावसात स्वारगेटला पोचायला नकाशा सांगतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो. गाडी सुटली की झोपायच्या आधी वही काढा. प्रत्येक कॉलेजासाठी पाच ओळी पुरतात: स्टॉपपासून गेटपर्यंत किती मिनिटं, शेवटची बस किती वाजता, हॉस्टेलचं काय, हातात भरायचे पैसे किती, आणि पाचवी ओळ मुलांना मनातून काय वाटलं ती. पाचवी ओळ आईबापाने वाचायची, खोडायची नाही.

आमच्या ऑप्शन फॉर्मच्या रात्री ही वही संगणकाशेजारी उघडी होती. कटऑफच्या यादीत जे कॉलेज तिसरं होतं, त्याच्या पानावर लेकीने लिहिलं होतं: 'चढ, बावीस मिनिटं, दिवे नाहीत, शेवटची बस सातला.' तिने ते सातव्या क्रमांकावर नेलं, आणि ज्या कॉलेजचं गेट स्टॉपवरून दिसतं ते वर घेतलं. आज संध्याकाळी प्रॅक्टिकल लांबलं तर ती साडेसातला फोन करते, "आई, स्टॉपवर उभी आहे, बस दिसतेय."